आई कुठे मोजायची

घरात किती माणसं, असं मला कुणी विचारलं की अजूनही माझी जीभ अडखळते. मागच्या आठवड्यात आमच्या सोसायटीत कसलीशी पाहणी करणारी एक मुलगी आली होती. "मॅडम, मेंबर किती?" मी म्हटलं, "तीन." मग म्हटलं, "म्हणजे तसे चार. नणंद शनिवार-रविवार आमच्याकडेच असते. आणि थांब हं, कामाच्या मावशी दुपारी इथेच जेवतात, त्या धरायच्या का?" मुलगी पेन हातात धरून माझ्याकडे बघत राहिली. नवरा आतून ओरडला, "अगं, तीन सांग आणि मोकळी हो!" नवऱ्याचं काही चुकलं नाही. त्याने सावंत सरांच्या हाताखाली काम केलेलं नाही.

मी केलं. अंधेरी पूर्वेला एमआयडीसीच्या एका इमारतीत आमचं मार्केट रिसर्चचं ऑफिस होतं. तेलवाल्या, साबणवाल्या, बिस्किटवाल्या कंपन्यांना हवं असायचं की उपनगरातल्या घरांत माणसं किती, ती काय खातात, कशाने दात घासतात आणि कशावर किती खर्च करतात. हे शोधून आणणं आमचं काम. मी संख्याशास्त्राची पदवी घेऊन तिथे गेले, तेव्हा हे आकडे संगणकातून येतात असा माझा समज होता. ते लोकांच्या दारातून येतात, आणि दार उघडणाऱ्या बाईचं अर्धं लक्ष कुकरच्या शिट्टीकडे असतं, हे पहिल्याच आठवड्यात कळलं.

मोहन सावंत हे आमचे फील्डचे प्रमुख. बुटके, सावळे, शर्टाच्या बाह्या कायम कोपरापर्यंत दुमडलेल्या. वडील गिरणीत होते, गाव मालवणकडचं, आणि स्वतः जन्मापासून घाटकोपरचे. त्यांना साधं बोलता यायचं नाही. इतकी वर्षं प्रश्नावल्या घोकून त्यांचं सगळं बोलणंच प्रश्नावलीसारखं झालं होतं. कँटीनमध्ये तुम्ही वडापाव खात असाल, तर समोर येऊन बसायचे आणि विचारायचे, "हा तू आवडीने खातेस, सवयीने खातेस, की दुसरं काही मिळालं नाही म्हणून?" तुम्ही हसलात तर चिडायचे. "हसू नकोस. तीनपैकी एक सांग." लग्न ठरल्याचे पेढे वाटणाऱ्या एका मुलाला त्यांनी विचारलं होतं, "अत्यंत समाधानी, साधारण समाधानी, की सांगता येत नाही?" तो बिचारा विचारात पडला. आम्हालाच त्याची काळजी वाटायला लागली.

ट्रेनिंगच्या पहिल्या दिवशी ते फळ्यावर एक चौकोन काढायचे. "हे काय आहे?"

कुणीतरी म्हणायचं, "घर."

"चूक. ही खोली आहे." मग चौकोनात एक वर्तुळ. "हे घर. चूल. एका चुलीवर जेवतात ती माणसं म्हणजे एक कुटुंब. मग ती सख्खी असोत, चुलत असोत, नाहीतर कुणाची कुणी नसोत. एका छताखाली दोन चुली असल्या तर कुटुंबं दोन. भिंती बघू नका, आडनावं बघू नका, रेशनकार्ड तर अजिबात बघू नका. चूल पकडा!"

"चूल पकडा" हे त्यांचं पालुपद होतं. आम्ही त्यांच्या मागे त्यांना चूलसरच म्हणायचो.

नियम ऐकायला सोपा वाटतो. दारात गेलं की त्याची वाट लागते. बोरिवलीत मला एका फ्लॅटमध्ये पाच मुली भाड्याने राहताना सापडल्या. गॅस नाही, एक इंडक्शनची शेगडी, तिच्यावर फक्त चहा आणि नूडल्स. जेवणाचे डबे चार ठिकाणांहून यायचे, दोघी एकाच बाईचा डबा अर्धा-अर्धा खायच्या. मी सरांना फोन लावला. "सर, हे एक कुटुंब की पाच?"

"चहा एकत्र करतात?"

"हो. पण एक जण ब्लॅक टी पिते."

पलीकडून आलं, "दूध कोण आणतं?" मग, "नूडल्सचं पातेलं कुणाचं?" माझ्या फोनची बॅटरी संपत आली तरी सरांचे प्रश्न संपेनात. शेवटी त्यांनी चार कुटुंबं असा निर्णय दिला. डबे चार म्हणून असेल, पण मग दुधाची चौकशी कशाला, ते मला अजून कळलेलं नाही, आणि त्या मुलींना तर तेव्हाच पटलं नव्हतं. "दीदी, हम सब बेस्ट फ्रेंड्स हैं," असं त्यातली एक रडवेली होऊन म्हणाली.

क्लायंटलाही ते असेच पिडायचे. एकदा तेलाच्या कंपनीचा मॅनेजर ऑफिसात पडद्यावर चित्रं दाखवत होता. मुंबई उपनगरातलं नमुना कुटुंब, आई-बाप आणि दोन मुलं, महिन्याला तेल इतकं. सर हात वर करून उभे राहिले. "यांची आजी कुठे जेवते?"

मॅनेजर म्हणाला, "आजी नाहीये, सर. चौघंच आहेत."

"म्हणजे वारली, की दुसऱ्या मुलाकडे असते?"

"सर, हे एक उदाहरण आहे."

"असू दे. पण भजी तळायला कुणीतरी सांगत असेल ना?"

मॅनेजरचं म्हणणं खरं तर बरोबर होतं. उदाहरणातल्या कुटुंबाला आजी असण्याची काही सक्ती नव्हती. पण सरांनी त्या मीटिंगचा असा काही गुंता केला की पुढच्या प्रश्नावलीत आजीसाठी एक वेगळी ओळ आली. ती ओळ आम्हालाच भोवली. एक आजी दोन मुलांकडे जेवत असेल तर काय, म्हणून सगळीकडून फोन यायला लागले. सरांनी एका झटक्यात नियम सांगून टाकला, "दुपार कुठेही होऊ दे. रात्री जिथे जेवते, तिथे मोजा. एक माणूस एकदाच."

मुलाखत नीट झाली का ते तपासायला ते स्वतः पुन्हा त्या दारात जायचे. त्याची त्यांची एक पद्धत होती. बेल वाजवायची आणि मागे सरकून उभं राहायचं, म्हणजे आतल्या माणसाला दारातल्या भिंगातून चेहरा दिसतो. चपला दारापासून लांब काढायच्या. पाणी दिलं तर घ्यायचं, चहाला नाही म्हणायचं. "चहा घेतला की समोरचा माणूस आपल्याला बरं वाटेल तेच सांगायला लागतो," असं ते म्हणायचे. आणि त्यांच्या डब्याला, डब्याच्या झाकणाला, चमच्याला, ऑफिसात ठेवलेल्या पेल्यालाही लाल नेलपॉलिशचा एकेक ठिपका होता. आम्ही त्यावर पैजा लावायचो. कुणी म्हणे नजर लागू नये म्हणून, कुणी म्हणे वहिनींचं प्रेम.

त्या ठिपक्याचा उलगडा मला घाटकोपरला झाला. कंपनीचा संगणक आम्हाला सुरुवातीचा पत्ता द्यायचा आणि तिथून उजव्या हाताला वळत, मधली ठरावीक घरं सोडत पुढच्या दारात जायचं. त्या रविवारी मी पंतनगरच्या एका जुन्या इमारतीत एका दारापाशी पोचले. पाटीवर नुसतं 'सावंत'. सर घाटकोपरला राहतात एवढं मला माहीत होतं, पण घाटकोपरला सावंत काय कमी आहेत? दार एका तरतरीत बाईने उघडलं. नाव सुजाता. पहिलाच प्रश्न असतो, तुमच्या घरात कुणी मार्केट रिसर्चमध्ये, जाहिरातीत किंवा वर्तमानपत्रात काम करतं का? कारण तसं असेल तर मुलाखत तिथेच थांबवायची, असा नियम आहे.

"नाही," सुजाताताई म्हणाल्या. "मिस्टर बँकेत आहेत."

"घरात माणसं किती?"

"चार. मी, हे, मुलगी आणि सासूबाई."

सासूबाई मधल्या बोळात फ्रिजला टेकून ठेवलेल्या खाटेवर बसून लसूण सोलत होत्या. माझ्याकडे बघून हसल्या. "बस गो चेडवा. उभी कित्याक?"

मी नियमाप्रमाणे विचारलं, "आजी तुमच्याच चुलीवर जेवतात ना?"

"रात्री आमच्याकडे. दुपारी तिकडे," असं म्हणून सुजाताताईंनी बोळाच्या पलीकडे हात केला. तेव्हा माझ्या लक्षात आलं की या घरात दोन गॅस आहेत. एक आतल्या स्वयंपाकघरात आणि एक इकडे काचा लावून बंद केलेल्या गॅलरीत. "थोरले दीर-जाऊ असतात तिकडे, आज बाहेर गेलेत. भांडण वगैरे नाही हो. आपलं सोयीसाठी."

"सोय कसली डोंबलाची," आजी लसूण सोलता सोलता म्हणाल्या. "गुरवारी हिने बांगडे तळलेनी, तिचो उपास होतो. झाला!"

सुजाताताईंनी ऐकू न आल्यासारखं केलं. मी टॅबवर भराभर उत्तरं भरत होते. रात्रीचं जेवण इकडे, म्हणजे आजी इकडे. तेल, साबण, बिस्किटं, सगळं झालं. सुजाताताई पाणी आणायला उठल्या आणि माझी नजर बोळातल्या भांड्यांच्या रॅकवर गेली. डाव्या बाजूच्या प्रत्येक वाटीला लाल ठिपका. उजव्या बाजूच्या एकाही भांड्याला नाही. मधोमध एक जुनं जाड ताट, काठावर कुणा पुरुषाचं नाव कोरलेलं. त्याला ठिपका लावायची कुणाची छाती झाली नव्हती. असाच ठिपका मी रोज सरांच्या डब्यावर बघत होते.

"आजी, तुमच्या मोठ्या मुलाचं नाव काय?"

"मोहन. लोकांची माणसा मोजता," आजी अभिमानाने म्हणाल्या.

मी सोमवारी ऑफिसात जाऊन गप्प बसले. मुलाखती तपासायला सरांच्याच टेबलावर जाणार होत्या. दुपारी त्यांनी मला बोलावलं. टॅब समोर होता आणि चष्मा कपाळावर. मला वाटलं ओरडतील. ते म्हणाले, "प्रधान, सगळं नियमाप्रमाणे आहे."

"हो, सर."

"चुली दोन. म्हणजे कुटुंबं दोन. म्हणजे त्या घरात रिसर्चवाला कुणी नाही. मुलाखत बरोबर." मग त्यांनी पडद्यावर आजीच्या ओळीवर बोट ठेवलं. "आणि आई तिकडे."

"रात्री तिकडे जेवतात, सर. तुमचाच नियम..."

"माझाच आहे. तेच म्हणतोय."

आता काय करायचं, हे मला कळेना आणि त्यांनाही कळत नव्हतं, हे त्यांच्याकडे बघून समजत होतं. ते जर म्हणाले की आमचं कुटुंब एक, तर इतकी वर्षं फळ्यावर काढलेला चौकोन खोटा. आणि दोन म्हणाले, तर स्वतःच्या सहीने आई भावाच्या नावावर टाकायची. हजारो लोकांच्या आया त्यांनी इकडून तिकडे केल्या होत्या, स्वतःची एक हलत नव्हती. मला त्यांची फार दया आली, आणि खरं सांगते, थोडं हसूही आलं. शेवटी त्यांनी पद्धतीचाच आधार घेतला. "शंका आहे. उद्या सकाळी तपासणीला जाऊ. तू पण चल."

दुसऱ्या दिवशी ते मला इमारतीच्या खाली भेटले. म्हणजे ते घरातूनच खाली उतरून आले होते, आणि आता माझ्याबरोबर पुन्हा वर चढत होते. किल्ली त्यांच्या खिशात खुळखुळत होती. त्यांनी आपल्याच घराची बेल वाजवली आणि मागे सरकून उभे राहिले. चपला लांब काढल्या. मी जिन्याच्या कठड्याला चिकटून उभी राहिले.

दार भावाने उघडलं. नंदू सावंत, सरांसारखेच बुटके, बँकेत जायच्या कपड्यांत. हे दोघे भाऊ कित्येक वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. जे काही असेल ते आईमार्फत. "आई, त्याला सांग लाइटचं बिल आलंय."

"नमस्कार," सर म्हणाले. "मी एका संशोधन संस्थेतून आलोय. परवा आमची प्रतिनिधी तुमच्याकडे येऊन गेली का?"

नंदूंनी माझ्याकडे बघितलं, मग सरांकडे. यावर हसावं, चिडावं की दार लावावं, हे त्यांना कळत नव्हतं. शेवटी ते म्हणाले, "आली होती."

"त्यांचं वागणं कसं होतं? उत्तम, साधारण, की असमाधानकारक?"

"उत्तम."

"आपल्या घरात माणसं किती?"

"चार," नंदू म्हणाले. त्यांचा आवाज किंचित चढला. "आई धरून."

आतून वैशालीवहिनी, म्हणजे सरांची बायको, बाहेर आल्या. गॅलरीतून सुजाताताई आल्या. आजी भिंतीला धरून दारापर्यंत आल्या आणि थोरल्या मुलाला उंबऱ्याबाहेर उभं बघून घाबरल्या. "मोहना, बेल कित्याक मारलंस? चावी हरवलंस काय?"

सरांनी मान खाली घातली होती. "आजी," ते म्हणाले, आणि थांबले. "आई, एकच प्रश्न आहे. काल रात्री तू कुठे जेवलीस?"

"माका काय इचारतस?"

"सांग ना. काल रात्री. इकडे की तिकडे?"

आजी इकडे-तिकडे बघायला लागल्या. आधी एका सुनेकडे, मग दुसरीकडे. कुणाला बोल लागू नये अशी त्यांची धडपड चालली होती. "काल रात्री मी जेवाक नाय," त्या शेवटी म्हणाल्या.

"म्हणजे?" वैशालीवहिनी पुढे आल्या. "रात्रीचं तर इकडे असतं."

सुजाताताईंचा चेहरा उतरला. "काल आम्ही डोंबिवलीला होतो, बहिणीकडे वाढदिवसाला. मी मुलीला म्हटलं होतं, आजीला सांग, आज तिकडे जेव."

"सांगल्यान माका," आजी म्हणाल्या. "तिची चूक नाय. पण तिकडे कोणाक म्हायती होता? वैशालीचा आवरून झालेला. हेंच्याकडे पातेला झाकलेला, तेंच्याकडे पातेला झाकलेला. खयचा उघडू?" आणि मग आमची समजूत काढावी तसं त्या म्हणाल्या, "चाय-बटर खाल्लंय आणि झोपलंय. काय मराक नाय मी."

मला तिथून पळून जावंसं वाटत होतं. आदल्या रात्री सर उशिरा घरी आले होते, त्यांनी त्याच बोळातून जाऊन आपलं झाकलेलं ताट उघडून जेवून घेतलं होतं, हे त्यांनी मला नंतर सांगितलं. आई खाटेवर पडलेली त्यांनी बघितली होती. झोपली असेल असं त्यांना वाटलं.

मग एकदम सगळे हलले. वैशालीवहिनी आत धावल्या, सुजाताताई गॅलरीत. दोन्हीकडून लायटरचे आवाज आले. नंदूंनी ते कोरलेलं ताट रॅकवरून ओढून काढलं. आजी म्हणत होत्या, "अरे, एवढ्या सकाळी कोण जेवता?" पण ऐकतो कोण? ताटात एका बाजूने आंबोळी आली, दुसऱ्या बाजूने पोहे आले. कालची आमटी गरम होऊन आली. सर चपलांपाशी उभेच होते.

"आत ये," नंदू म्हणाले. कुणामार्फत नाही, थेट. "तिथे काय उभा राहिलायस पाहुण्यासारखा?"

सर आत गेले. नंदूंनी त्यांच्या हातात चहाचा कप दिला, आणि चहाला कायम नाही म्हणणाऱ्या सरांनी तो तोंडाला लावला.

खाली उतरल्यावर त्यांनी माझ्याकडून टॅब मागून घेतला. मुलाखत बाद करायची असेल तर कारण निवडावं लागतं. त्यांनी निवडलं, 'कुटुंबात संशोधन क्षेत्रातील व्यक्ती.'

मी म्हटलं, "सर, पण चुली तर दोन आहेत."

"माहीत आहे."

"मग कुटुंब एक कसं?"

नियमांवर माझ्याशी तासन्तास वाद घालणारा तो माणूस नुसता म्हणाला, "मला विचारू नकोस, प्रधान. बाद कर आणि दुसरं घर बघ."

पुढे महिनाभरात मी ती नोकरी सोडली. शेवटच्या दिवशी निरोप घ्यायला गेले तेव्हा सरांचं ट्रेनिंग चालू होतं. फळ्यावर तोच चौकोन, त्यात तेच वर्तुळ. मागच्या रांगेतली एक मुलगी उठली आणि तिने नेमकं तेच विचारलं, "सर, आजी दुपारी एका मुलाकडे आणि रात्री दुसऱ्याकडे जेवत असेल, तर ती कुठे मोजायची?"

मी दारातच थबकले. सरांनी खडू खाली ठेवला. मग म्हणाले, "आधी तिला विचारायचं, काल जेवलात का?"

मुलीने प्रश्नावली उलटून पालटून बघितली. "सर, हा प्रश्न यात कुठेच नाहीये."

"नाहीये," सर म्हणाले. "तरी विचारायचं."

"आणि मग मोजायची कुठे?"

जेवायची सुट्टी झाली असं सांगून त्यांनी डबा काढला. मला बघून हात केला आणि नेहमीच्या सवयीने विचारलं, "नोकरी आनंदाने सोडतेस, नाइलाजाने, की सांगता येत नाही?" मी म्हटलं, "सांगता येत नाही, सर." ते हसले आणि जेवायला बसले. डब्यावर लाल ठिपका होता. झाकणावर नव्हता. झाकण दुसऱ्याच डब्याचं होतं, नीट बसतही नव्हतं, म्हणून त्याला रबर लावलं होतं. त्या घरात चूल एक झाली होती, की धुताना नुसती झाकणं इकडची तिकडे गेली होती, हे विचारायचं माझ्या ओठांवर आलं होतं. पण ते भाजीत बोट घालून चव बघत होते, म्हणून मी काही न विचारता तशीच निघाले.